संगीत खोलीतले कार्ड आणि बाईंचा आवाज

मागच्या पालक सभेत संगीत खोलीतल्या जुन्या संगणकाचा विषय निघाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याच्या वर्गात, हार्मोनियमच्या कपाटाशेजारी, एक राखाडी रंगाचा डबा आहे. २००४ साली शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपला छोटा स्टुडिओ आवरताना तो शाळेला भेट दिला. त्याच्या पोटात ध्वनिमुद्रणाचे एक लांबलचक कार्ड आहे आणि त्या कार्डावर चार काळ्या चौकोनी चिप आहेत. गॅदरिंगची गाणी, गणेशोत्सवातली नाट्यगीते, पंधरा ऑगस्टचे समूहगान, सगळे बरीच वर्षे याच डब्यातून निघाले. आता तो रुसला आहे. कधी सुरू होतो, कधी होत नाही. झालाच तर गाण्याच्या मध्येच आवाज तुटतो.

सभेत तीन मते पडली. एका पालकांचे म्हणणे, डबा भंगारात द्या. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांचे म्हणणे, यंदाच्या देणगीतून नवे भारी कार्ड घ्या, पुन्हा वीस वर्षे पाहायला नको. आणि अकरावीतला एक मुलगा मागच्या बाकावरून उभा राहून म्हणाला, "काका, कार्ड तसेच ठेवून त्यावरच्या चिपच नव्या वेगवान बसवल्या तर?"

सभेत थोडा हशा झाला. मला मात्र प्रश्न आवडला. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी, आता पालक, आणि पोटापाण्यासाठी ध्वनियंत्रांची दुरुस्ती करणारा माणूस आहे. त्या दिवशी वेळेअभावी उत्तर देता आले नाही, म्हणून या पानावर देतो आहे. उत्तर देताना विश्वस्तांना आणि पालकांनाही दोन गोष्टी नम्रपणे सुचवायच्या आहेत.

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. विद्यार्थी मित्रहो, संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. आवाज वाढवायचा म्हणजे प्रत्येक आकड्याला गुणायचे. दोन आवाज मिसळायचे म्हणजे बेरीज करायची. आणि गाणे मोठ्या सभागृहात म्हटल्यासारखे घुमवायचे असेल, तर प्रत्येक आकड्यात त्याच्या आधीच्या हजारो आकड्यांचे अंश मिसळायचे. दोन सेकंदांचा घुमारा सरळ पद्धतीने काढायचा म्हटला तर प्रत्येक आकड्यामागे ८८,२०० गुणाकार होतात. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठी सुमारे ३८९ कोटी गुणाकार. वहीत करून पाहा, हिशेब चुकलेला नाही.

१९९०च्या दशकातल्या घरगुती संगणकाला हे ओझे झेपणारे नव्हते. म्हणून गुणाकार-बेरीज हेच एक काम झपाट्याने करणाऱ्या वेगळ्या चिप वापरल्या जात. त्यांना डीएसपी म्हणतात, म्हणजे आकड्यांच्या रूपातल्या संकेतांवर काम करणारी चिप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे १९७८ सालचे 'स्पीक अँड स्पेल' हे बोलणारे खेळणे अशाच विद्येतून आले. पुढे मोटोरोलाच्या ५६००० मालिकेतल्या चिपनी स्टुडिओ गाजवले. १९९४च्या सुमारास अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीने 'शार्क' नावाची मालिका आणली. आपल्या कार्डावरच्या चार चिप याच घराण्यातल्या. त्यांतली एक चिप पुरेपूर राबली तर सेकंदाला १२ कोटी क्रिया करते. वरच्या ३८९ कोटींशी तुलना केली तर हे काहीच नाही. म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी सरळ गुणाकार टाळून घुमारा काढण्याच्या युक्त्या शोधल्या. कमी साधनांत चांगला आवाज काढण्याची ती खरी हुशारी होती.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. चिप बदलता येते का?

कधी कधी येते. जुन्या संगणकांत ८०८७ या गणिती चिपसाठी रिकामी खोबण ठेवलेली असे. ऐपत झाली की चिप आणायची आणि बसवायची. ४८६ संगणकांसाठी इंटेलने 'ओव्हरड्राइव्ह' नावाच्या वरचढ चिप विकल्या. काही चांगल्या साउंड कार्डांवर आठ पायांची ऑप-अ‍ॅम्प चिप खोबणीत असते. ती काढून दुसरी बसवणारे हौशी आजही आहेत. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बनवणाऱ्याने आधीच ठरवले होते की हा भाग बदलता यावा.

आपल्या कार्डावर खोबण नाही. चिप थेट डाखलेल्या आहेत. शार्क मालिकेतली एडीएसपी-२१०६० घ्या. तिला २४० पाय आहेत, प्रत्येक बाजूला ६०, आणि दोन पायांत अर्धा मिलिमीटर अंतर. पण डाखकाम ही मोठी अडचण नव्हे. आपल्या शहरात मोबाइल दुरुस्त करणारी पोरे गरम हवेच्या यंत्राने याहून बारीक कामे रोज करतात. अडचण पुढे आहे.

त्याच घराण्यातली पुढची चिप, एडीएसपी-२१३६९, कितीतरी पटींनी वेगवान आहे. पण तिला पायांच्या रूपात घेतले तर पाय २०८. जुनी चिप ५ व्होल्टवर चालते, नवीच्या गाभ्याला १.३ व्होल्टच्या आसपास लागतात. ५ दिले तर जळून जाईल. जुन्या चिपला शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी सहा खास जोडण्या आहेत, नवीला त्या नाहीतच. आणि गंमत पाहा, जुनीच्या पोटात ४ मेगाबिट मेमरी आहे, तर वेगवान नवीच्या पोटात लिहिण्या-वाचण्याची मेमरी २ मेगाबिटच. म्हणजे नवी ती प्रत्येक बाबतीत मोठी असेही नाही.

मग हुबेहूब तेच पाय असलेली, थोडी बरी चिप मिळते का? मिळते. २१०६२ आणि २१०६० या दोन बहिणींचे पाय जुळतात आणि २१०६०ची मेमरी दुप्पट आहे. समजा कार्डावर २१०६२ असतील आणि आपण त्या काढून २१०६० डाखल्या. काय होईल? बहुधा काहीच नाही. कार्डाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने लहान मेमरी गृहीत धरून लिहिले आहे. घरात एक खोली वाढवली आणि घरच्यांना सांगितलेच नाही, तर ती बंदच राहणार. सांगायचे तर तो प्रोग्राम बदलावा लागेल, आणि तो कंपनीने कुलपात ठेवलेला असतो.

तेव्हा, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: चिप बदलणे हाताला जमेल, पण कार्डाला कळणार नाही. दोष तुझ्या कल्पनेत नाही, कार्डाच्या बांधणीत आहे.

हीच कल्पना पुण्यात मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली आहे. भारताला हवा तसा महासंगणक बाहेरून मिळेना, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. १९९१ साली त्यांनी 'परम ८०००' उभा केला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येकीला शेजारणीशी बोलायला चार जोडण्या, आणि अशा अनेक जोडून एक मोठे यंत्र. लौकरच लक्षात आले की नुसत्या ट्रान्सप्यूटरची ताकद कमी पडते. मग १९९२च्या सुमारास इंटेलची आय-८६० ही जोरदार चिप त्यांच्या जोडीला बसवून 'परम ८६००' तयार झाला. बोलण्याचे काम ट्रान्सप्यूटरकडे, जड गणित नव्या चिपकडे. आणि 'पारस' नावाचे प्रोग्राम लिहिण्याचे वातावरण दोन्ही यंत्रांत तेच राहिले.

त्यांना जमले आणि आपल्याला जमत नाही, असे का? कारण त्यांच्याकडे नकाशा होता. कोणता पाय कुठे जातो, कोणती ओळ का लिहिली, हे सगळे त्यांच्या हातात होते. आपल्याकडे फक्त विकत घेतलेली वस्तू आहे. वस्तू आपली, पण तिची किल्ली दुसऱ्याकडे.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट नवी नव्हती. मिरजेचा तंबोरा पाहा. तारा तुटतात, बदलतात. जवारी उतरते, कारागीर ती पुन्हा काढतो. खुंटी सैल झाली तर नवी बसते. भोपळा मात्र आजोबांच्या वेळचा असतो. आपल्या भोपाळमध्ये भेलमध्ये नोकरी केलेले पालक पुष्कळ आहेत. जुन्या जलविद्युत संचाची क्षमता वाढवताना पाया तोच ठेवून आतले चक्र आणि वेटोळी नवी घालतात, हे त्यांना मी सांगायला नको. दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्तीचा विचार करूनच बनवलेली असते. मागाहून तो गुण तिच्यात घालता येत नाही.

आता ज्येष्ठांच्या सूचनेविषयी, म्हणजे नवे भारी कार्ड घेण्याविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे. शाळेला एकदाच खर्च करून पुन्हा हात पसरावे लागू नयेत असे त्यांना वाटते. पण अशा कार्डांचा इतिहास याच्या उलट बोलतो.

कार्ड सहसा चिप म्हातारी होऊन मरत नाही. ते तीन कारणांनी मरते. पहिले, ज्या खोबणीत ते बसते ती खोबण नव्या संगणकांतून नाहीशी होते. आपले कार्ड पीसीआय खोबणीचे आहे. २००४च्या सुमारास पीसीआय एक्स्प्रेस आली आणि हळूहळू जुनी खोबण गेली. दुसरे, ज्या विंडोजवर ते चालते तीच जुनी होते. आपले कार्ड विंडोज एक्सपीवर चालते आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सांभाळणी एप्रिल २०१४मध्ये थांबवली. तिसरे, कंपनी एकतर बुडते किंवा पुढच्या मालाकडे वळते. स्टुडिओंच्या जगात 'प्रो टूल्स' हे नाव मोठे. त्याची ११वी आवृत्ती २०१३ साली आली, आणि स्टुडिओंनी लाखो रुपये घालून घेतलेली त्याआधीची डीएसपी कार्डे तिच्यासोबत चालेनाशी झाली. कार्डे ठणठणीत होती, त्यांवरची एकही चिप खराब नव्हती.

याहून बोलके उदाहरण एका अमेरिकन कंपनीचे, युनिव्हर्सल ऑडिओचे. २००१ साली तिने डीएसपीचे पहिले कार्ड आणले, त्यात मुळात संगणकाच्या चित्र-ध्वनीसाठी बनवलेली एक चिप खुबीने वापरली होती. पुढच्या पिढीत शार्क चिप आल्या: एक चिपचे कार्ड, दोनचे, चारचे, आठचे. ताकद कमी पडली की चिप नव्हे, दुसरे कार्ड घ्यायचे. २०२२ साली याच कंपनीने आपले काही ध्वनिपरिणाम कार्डाशिवाय, साध्या संगणकावर चालतील असे विकायला सुरुवात केली. कारण उघड आहे. जे काम करायला पूर्वी वेगळ्या चिप लागत, ते आजचा साधा लॅपटॉप सहज करतो. ३८९ कोटींचा तो घुमाराही आता हुशार गणिताने लॅपटॉपवर वाजता वाजता निघतो.

मराठी शाळेला याहून जवळचे एक उदाहरण देतो. एकेकाळी संगणकावर देवनागरी दिसण्यासाठीही वेगळे कार्ड लागत असे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि सी-डॅकने पुढे नेलेले 'जिस्ट' कार्ड अनेक सरकारी कचेऱ्यांत होते. पुढे संगणकच देवनागरी लिहू लागला आणि कार्ड गेले. पण त्या काळात ठरलेली 'इनस्क्रिप्ट' ही कळपाटाची मांडणी आजही टिकून आहे, आपली मुले शाळेत तीच शिकू शकतात. कार्ड गेले आणि ठरवलेली पद्धत उरली. माझ्या सगळ्या म्हणण्याचे सार यात आहे.

आता थोडी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२००६ साली शाळेत नाट्यसंगीताचा एक कार्यक्रम झाला. पेटीवर आपल्या गाण्याच्या बाई होत्या आणि शेवटी मुलांच्या आग्रहाखातर त्या स्वतः गायल्या. जुन्या विद्यार्थ्यांना त्या आठवतील. मुख्यमंत्री बदलले, मुख्याध्यापक बदलले, पण शनिवारचा गाण्याचा तास बदलला नाही. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मी याच डब्यावर केले, १४ वेगवेगळ्या पट्ट्यांत: बाईंचा आवाज एका पट्टीत, पेटी दुसऱ्या, तबला तिसऱ्या, असे. घुमारा, आवाजाची पातळी, डावे-उजवे, सगळे कार्डाच्या स्वतःच्या मिक्सरमध्ये लावून ठेवले. ऐकायला सुंदर वाटले. "नंतर निवांत सीडी काढू," असे म्हणून मी तसेच ठेवून दिले. ती सीडी कधीच निघाली नाही. बाई निवृत्त झाल्या, पुढे गेल्याही. त्यांच्या कन्येने एकदा विचारले होते, "दादा, आईचं ते गाणं मिळेल का?" मी म्हणालो, बघतो. बघणे राहूनच गेले.

सभेनंतरच्या रविवारी तो अकरावीतला मुलगा, त्याच्या वर्गातल्या दोन मुली आणि मी असे चौघे संगीत खोलीत बसलो. झाकण उघडले. पाहतो तर चारही चिप स्वच्छ, काही दोष नाही. आवाज तुटत होता तो वीजपुरवठ्याच्या डब्यातले कपॅसिटर फुगल्यामुळे. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत ही व्याधी आहे. भाग किरकोळ किमतीचा. सभेत आपण तासभर चिपवर बोललो आणि दुखणे भलतीकडेच होते! पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हार्ड डिस्क टकटक आवाज करत होती. दुरुस्तीवाल्याला हा आवाज ओळखीचा असतो. डिस्कचे दिवस भरले की असा आवाज येतो.

संगणक पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळला. डिस्क बाहेर काढली, यूएसबीला जोडणाऱ्या साध्या अडॅप्टरने एका लॅपटॉपला लावली आणि आधी सगळे उतरवून घेतले. सहा तास लागले. मुलांनी डबे आणले होते, ते तिथेच खाल्ले. १४ पैकी १३ पट्ट्या सलग उतरल्या. तबल्याची एक पट्टी मध्येच तुटकी निघाली.

मिक्सरची फाइल उघडली नाही. ती त्या कार्डाशिवाय उघडतच नाही. वीस वर्षांपूर्वी मी हौसेने लावलेला घुमारा, ठरवलेल्या पातळ्या, सगळे गेले. पण पट्ट्या साध्या वेव्ह फाइलींत होत्या, त्या कुठल्याही संगणकावर उघडतात. मुलीने हेडफोन लावून बाईंची पट्टी सुरू केली. घुमारा नाही, साथ नाही, नुसता कोरडा आवाज. मध्ये श्वास घेतलेला ऐकू येतो, पान उलटल्याची सळसळ येते. ती मुलगी बाईंच्या निवृत्तीनंतर जन्मलेली. ती एवढेच म्हणाली, "काका, या तर इथेच बसल्यात."

त्या दिवशी मला जे समजले ते सांगतो. कार्डाने जे जे केले होते ते सारे बदलीचे होते, दुसऱ्या कशानेही पुन्हा करता येईल असे. मायक्रोफोनसमोर बाई गायल्या ते पुन्हा होणार नव्हते. आणि आपण वर्षानुवर्षे जपत होतो ते कार्ड!

कार्डाच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानात ऐकायचा असतो, तेव्हा साधा संगणक तो किंचित उशिरा देतो. ५१२ आकड्यांचा साठा धरून काम केले तर हा उशीर सुमारे ११.६ मिलिसेकंद होतो. हवेतून आवाज एवढ्या वेळात साधारण चार मीटर जातो. म्हणजे साथीदार चार मीटर लांब बसल्यासारखे. येता-जाता दोन्हीकडचा धरला तर उशीर याच्या दुप्पट, आणि द्रुत तान घेणाऱ्याला तो खटकतो. डीएसपी कार्डात हा उशीर नगण्य असे. म्हणूनच काही स्टुडिओ जुना संगणक इंटरनेटला न जोडता आजही जपून वापरतात, आणि त्यात चूक काहीच नाही. पण शाळेच्या गरजेपुरता याला सोपा उपाय आहे. आजच्या छोट्या यूएसबी ध्वनिपेट्यांत गाणाऱ्याचा आवाज संगणकात न जाता थेट कानाकडे वळवण्याची सोय असते.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे माझ्या सूचना अशा आहेत.

नव्या डीएसपी कार्डावर किंवा जुन्या कार्डाच्या चिपवर शाळेने एक रुपयाही घालू नये. आपल्या दहावी-बारावीच्या मुलांच्या कामाला ते नाकापेक्षा मोती जड होईल. दोन मायक्रोफोन लागतील अशी साधी यूएसबी ध्वनिपेटी घ्यावी, आणि ती कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय चालणारी आहे ना, हे दुकानात लावून पाहूनच घ्यावी. ध्वनिमुद्रणासाठी 'ऑडॅसिटी'सारखे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते २००० सालापासून चालत आले आहे आणि त्याचा स्रोत उघडा आहे. उरलेले पैसे एका चांगल्या मायक्रोफोनवर आणि खोलीवर खर्च करावेत. जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, आणि मुद्रणाच्या वेळी बंद करता येईल असा पंखा यांनी आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा कुठल्याही चिपने पडत नाही.

दुसरी सूचना पैशाची नाही, शिस्तीची आहे. यापुढे शाळेतले प्रत्येक ध्वनिमुद्रण कार्यक्रमानंतर आठ दिवसांत वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावे, वेगवेगळ्या पट्ट्याही आणि तयार मिश्रणही. जगभरची ध्वनिसंग्रहालये ज्या मार्गदर्शक नियमांनी चालतात, त्यांत किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट असा दर्जा सांगितला आहे. या दर्जात एका पट्टीचा एक तास सुमारे ५१८ मेगाबाइट होतो. म्हणजे वर्षाची सगळी गॅदरिंगे एका छोट्या डिस्कवर मावतील. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. प्रत्येक फाइलीसोबत कोण गायले, पेटीवर कोण, तारीख काय, हे देवनागरीत लिहून ठेवावे. हे काम आठवी-नववीच्या मुलांकडे द्यावे, ती आपल्यापेक्षा चोख करतील.

आणि तिसरी सूचना त्या राखाडी डब्याविषयी. तो भंगारात देऊ नये. वीजपुरवठा मी दुरुस्त करून देईन, त्याचा खर्च शाळेने धरू नये. कार्ड मात्र बाहेर काढून विज्ञान प्रयोगशाळेत ठेवावे. मुलांनी त्या चिपची माहितीपत्रके वाचावीत, २४० पाय भिंगाखाली मोजावेत, कोणता पाय विजेचा, कोणता बोलण्याचा, हे कागदावर काढावे. वाटले तर एखादी चिप डाखून काढून परत डाखूनही पाहावी. बिघडले तर काय बिघडले! ज्याने "चिपच बदलली तर?" असे विचारले, त्याला हसण्याऐवजी गरम हवेचे यंत्र हातात द्यावे. उद्या तो परमसारखे काही उभे करील की नाही, ठाऊक नाही. पण कुठलीही वस्तू घेण्याआधी ती उघडते का, तिची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती गेल्यावर मागे काय उरते, हे तीन प्रश्न तो नक्की विचारील. आपल्या सभेतही हेच तीन प्रश्न खरेदीच्या प्रत्येक ठरावाआधी विचारले जावेत, अशी माझी विनंती आहे. मग तो संगणक असो, फळा असो की शाळेची बस.

आपली मंडळी या शहरात निरनिराळ्या वाटांनी आली. कोणी ग्वाल्हेर-इंदूरकडून, कोणी १९५६ साली राज्य पुनर्रचनेत नागपूरहून बदली होऊन, कोणी कारखान्यातल्या नोकरीमुळे. घरे बदलली, सरकारी क्वार्टर सुटली, सामान किती वेळा बांधले-सोडले. त्या सगळ्यात मराठी टिकली ती एकाने दुसऱ्याला म्हणून दाखवली म्हणून. बाई दर शनिवारी हेच करत होत्या.

बाईंचे गाणे आता घुमाऱ्यासह नव्याने बसवून तयार आहे. घुमारा मुलांनी ठेवला, माझ्यापेक्षा कमी आणि माझ्यापेक्षा बरा. तबल्याची तुटकी जागा तशीच ठेवली आहे. एक प्रत बाईंच्या कन्येला पोहोचवली, उशिराबद्दल क्षमा मागितली. दुसरी प्रत शाळेच्या ग्रंथालयात आहे. ज्यांना ऐकायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे.